जिवंत, पहिली वेलांटी

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला सगळे बोलले. सरपंच बोलले, तुमच्या शाळेचे हेडमास्तर बोलले, ज्यांना तुम्ही छड्या मारल्या होत्या तेही बोलले. शेवटी मला उठवलं. मास्तरीण झाले म्हणजे मला बोलता येत असणार, असं सगळ्यांना वाटतं ना! मी उभी राहिले, तुमच्या फोटोकडे पाहिलं आणि खाली बसले. पोरीला रडू आवरत नाही, असं लोक म्हणाले. मी रडत नव्हते बाबा. सरपंच नुकतेच म्हणाले होते की गुरुजींनी या गावाला पाणी उकळून प्यायला शिकवलं. ते ऐकताना आईनं मान खाली घातली, ते मी पाहिलं होतं.

तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं. पण लिहायला बसले ते आज, आणि त्याला कारण तुमची पेटी.

सोमवारी मला पाचवीला सूक्ष्मजीवांचा धडा घ्यायचा आहे. नोकरीला लागून दोन महिने झाले, अजून प्रत्येक धडा आदल्या रात्री पाठ करून जाते. म्हटलं, बाबांनी हा धडा इतकी वर्षं घेतला, त्यांचं पाठ टाचण पाहावं. म्हणून शनिवारची रजा टाकून काल शाळा सुटल्यावर दोन एसट्या बदलून घरी आले. आई आज सकाळीच धानाच्या रोवण्याला गेली. मी तुमची पत्र्याची पेटी उघडली. टाचण वह्या होत्या, वर्षावार सुतळीनं बांधलेल्या. आणि सगळ्यांत खाली माझी पाचवीची विज्ञानाची वही होती.

ती वही तर हरवली होती ना? तुम्हीच सांगितलं होतं. तपासायला आणलेल्या गठ्ठ्यातून कुठं पडली कोण जाणे, असं म्हणून कुरखेड्याहून मला कोरी वही आणून दिली होती. तुम्ही कधी खोटं बोलत नाही हे मला पाठ होतं. म्हणून मी विश्वास ठेवला. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. का ते तुम्हाला ठाऊक होतं, हे मला आज कळलं.

आपला जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला, त्याच्या आदल्या पावसाळ्यातली ही गोष्ट. तुम्ही हायस्कुलातून सूक्ष्मदर्शक मागून आणला होता. सायकलच्या कॅरिअरवर, झोपायच्या चादरीत गुंडाळून, जणू बाळंतीण घरी आणताय असे हळूहळू चालत आला होता. सायकलवर बसलाच नाहीत. यंत्राला धक्का लागेल म्हणून सात मैल हँडल धरून चाललात. गावात त्याला सगळे दुर्बीणच म्हणत. पोरं रांगेत उभी राहिली. तुम्ही खिडकीशी बसून आरशावर ऊन धरत होता आणि दर वेळी ढग आला की हसत होता.

एक पोरगी बराच वेळ डोळा लावून होती. काय दिसतं विचारलं तर म्हणाली, "गुरुजी, मले तं मायीच पापनी दिसून राह्यली." वर्ग हसला. तुम्ही तिला रागावला नाहीत. तिची मान धरून जरा वर उचललीत आणि मग ती डोळा काढायलाच तयार होईना.

माझी पाळी आली तेव्हा शेताकडच्या बोडीतून भरून आणलेल्या पाण्याचा थेंब काचेवर होता. त्यात काहीतरी पळत होतं. एक थांबलं, वळलं, परत आलं. तुम्ही माझ्या कानाशी बोलत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो. इतका मऊ आवाज तुम्ही घरीही काढत नव्हता. "पहा रत्ना, केवढे इवलाले जीव! बिचाऱ्यांना ठाऊकसुद्धा नाही आपण त्यांना पाहतोय. तेही खातात, पळतात, त्यांनाही जगायचं असतं."

मग तुम्ही फळ्याकडे गेलात आणि उरलेला धडा सांगितला. असे जीव पाण्यात असतात, त्यांच्यानं हगवण लागते, म्हणून पाणी खळखळ उकळून प्यायचं, उकळल्यावर ते मरतात. वर्गानं हे दुसरं ऐकलं. मी दोन्ही ऐकलं.

बाबा, मी त्या वेळी रोज सकाळी तुमच्यासोबत विहारात जात होते. पंचशील मला तुम्हीच पाठ करून घेतलं होतं, अर्थासकट. पहिलं शील कोणतं, असं तुम्ही विचारायचात आणि मी एका दमात सांगायचे की कोणत्याही जीवाची हिंसा मी करणार नाही. मुंगीवर पाय पडला तर मी दिवसभर जेवत नसे. आई वैतागून म्हणायची, "हे पोरगी भिक्खूच व्हाची होती, चुकून माया पोटी आली." तुम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. वाटायचा ना?

रोवण्याच्या दिवसांत आई पहाटे भाकरी टाकायची, पिण्याच्या पाण्याचा गंज चुलीवर चढवायची आणि बायांसोबत निघून जायची. पाणी खळखळ उकळलं की उतरवायचं आणि निवलं की पितळेच्या गुंडात ओतून ठेवायचं, हे माझं काम होतं. तुम्हीच लावून दिलं होतं. धडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चुलीसमोर बसले आणि मला ते वळून परत आलेलं काहीतरी दिसायला लागलं. पाणी कोमट झालं. मी आत बोट घालून पाहिलं. मग लाकूड ओढून घेतलं.

आपली धाकटी सुजी माझ्या शेजारी बसली होती. चार वर्षांची होती ती. मी तिला सगळं सांगितलं. पाण्यात कोण राहतं, ते कसे पळतात, आपण त्यांना वाचवतोय. तिनं गुंडात डोकावून विचारलं, "ताई, त्यायले भूक लागत असन का?" मी म्हटलं, लागत असेल. तर तिनं हातातल्या भाकरीचा चुरा पाण्यात टाकला. मी तो बोटानं काढला, पण मला तिचं कौतुक वाटलं.

असं किती दिवस चाललं? आठ असतील, दहा असतील. आई संध्याकाळी येऊन त्याच गुंडातलं पाणी प्यायची, तुम्ही प्यायचात, मी प्यायचे. आम्हाला कुणाला काही झालं नाही.

सुजीला सकाळी उलटी झाली. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. तांदळाच्या धुवणासारखी हगवण लागली होती. मला शाळेतून बोलावून घेतलं तेव्हा आत्या तिच्या उशाशी होती आणि आई शेतातून चिखलाच्या पायांनी तशीच येऊन बसली होती. त्या दिवशी मी पाणी उकळलं बाबा. कुणी सांगितलं नव्हतं. खळखळ उकळलं, झाकण थडथडायला लागलं तरी उतरवलं नाही. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि खाचराला बैल जुंपायला निघून गेलात.

दवाखान्याच्या वाटेवरच्या नाल्याला पूर होता. पाणी उतरेपर्यंत खाचर अलीकडेच थांबलं. तेवढा वेळ सुजीकडे नव्हता. तुम्ही दोघं तिला घेऊन परत आलात, तेव्हा ती आईच्या पदरात अशी गुंडाळलेली होती की मला वाटलं झोपली.

मग आत्या बोलली. आत्या वाईट बाई नाही, तुमची मोठी बहीण आहे, तिनं तुम्हाला वाढवलं. पण तिला कुणावर तरी बोल ठेवायचा होता. बायांच्या देखत ती म्हणाली, "उकळलं म्हंते, पन उकळलं असन का? रोवण्याची घाई होती तिले. घरात मास्तर असून पोरगी पान्यानं गेली."

आई म्हणाली, "रोज चढवून जात होती मी. रोज." आणि तिनं तुमच्याकडे पाहिलं.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. मीही बोलले नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, अकरा वर्षांची, आणि मला एवढंच वाटत होतं की आता कुणी मला विचारू नये. कुणी विचारलं नाही.

आता मी शिकले आहे, तर हेही मला कळतं की खात्रीनं काहीच सांगता येत नाही. त्या आठवड्यात गावात आणखी दोन पोरं आजारी पडली होती आणि त्यांच्या घरी पाणी कधीच उकळत नसे. ती वाचली. सुजी दिवसभर चिखलात खेळायची, न धुता हात तोंडात घालायची. कुठून काय आलं हे कोण सांगणार? पण गुंडातलं पाणी उकळलेलं नव्हतं, आणि ते आईनं उकळलं नाही असं आठ वर्षं आपलं घर समजून आहे. एवढं मात्र खात्रीचं आहे.

आता आईही तेच समजते, तुम्हाला दिसत नव्हतं का? ती पाणी दोनदा उकळते. एकदा उकळून निवलं की परत चुलीवर चढवते. मी सुट्टीत आले की म्हणते, आई, मघाशीच तर उकळलं. ती म्हणते, "पाहू दे वं. मले आठवत नाई." आठ वर्षांत तिला स्वतःच्या हातावर भरवसा राहिला नाही. आत्या पाण्याचा विषय काढते तेव्हा ती आता 'रोज चढवून जात होती' असंही म्हणत नाही.

तर ती वही. शेवटच्या पानावर तुम्ही दिलेला घरचा अभ्यास होता, "आम्ही पाहिलेले पाण्यातील जीव". माझं ते गोल गोल अक्षर. जसंच्या तसं उतरवते:

"गुरुजींनी आम्हाला दुर्बिणीतून पाणी दाखवले. पाण्यात लहान लहान जीव असतात. ते जीवंत असतात. ते पळतात. पाणी उकळले तर ते मरतात. मी शील घेतले आहे म्हणून मी आमच्या घरचे पाणी उकळू देत नाही. कोमट झाले की लाकूड ओढून घेते. हे आईला माहीत नाही."

'जीवंत' या शब्दाला तुम्ही लाल शाईनं गोल केलाय. बाजूला लिहिलंय, "जिवंत. पहिली वेलांटी." आणि खाली, "शाब्बास. अक्षर सुंदर."

मी लपवलं नव्हतं, बाबा! मी तुम्हाला सांगितलं होतं. माझ्या अक्षरात, तुम्ही शिकवलेल्या भाषेत, तुमच्याच हातात दिलं होतं. तुमची शाबासकी मिळाली म्हणून तर मी आणखी इमानानं लाकूड ओढत राहिले.

लाल शाईच्या खाली निळ्या शाईत दोन ओळी आहेत. त्या सुजी गेल्यानंतरच्या असणार, वह्या पुन्हा तपासायला आणल्यात तेव्हाच्या. तुमचं अक्षर इतकं वाकडं मी कधी पाहिलं नाही. "मी हे वाचलेच नाही. वेलांटी तपासली."

बाबा, हे तुम्ही एकट्यानं कसं सांभाळलंत? आता आठवतं, त्या हिवाळ्यात आपण विहारातून परतताना शेताच्या धुऱ्यावर तुम्ही थांबला होता. मी त्या दिवशी कुणाची तरी पाटी फोडली होती, म्हणून मला वाटलं त्याबद्दल बोलताय. तुम्ही म्हणालात, "पोरानं चूक केली तं ती शिकवणाऱ्याची असते रत्ना. पोराची नसते." मी पाटीचं मनावर घेऊ नये म्हणून समजावताय, असं समजून मी हो म्हटलं आणि पुढं पळाले. तुम्ही मागे बराच वेळ उभे होता.

मग मी टाचण वह्या वाचल्या. सुजी गेल्यानंतरच्या सातही वर्षांच्या. तुम्ही तो धडा बदलला होता. आधी सूक्ष्मदर्शक नाही, आधी दही. एका पोराच्या घरून विरजण आणायचं, दूध वर्गात लावायचं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी दही चाखायचं. हे कामाचे जंतू. आंबिलीला आंबवणारे, शेणखत कुजवणारेही कामाचे. त्यानंतर रोगाचे. समासात तुम्ही स्वतःसाठी सूचना लिहिल्यात. "यंत्रात पळताना दिसतात ते रोगाचे नव्हेत, रोगाचे याहून बारीक, या यंत्रात दिसत नाहीत, हे स्पष्ट सांगणे." मी हे वाचलं आणि पेटी बंद केली, बाबा. म्हणजे मी ज्यांच्यासाठी लाकूड ओढलं ते निराळेच होते. ते बिचारे कुणाचं काही करत नव्हते.

परत उघडली तेव्हा पुढची सूचना होती. "जीव म्हणताना आवाज मऊ करू नये." त्याखाली आणखी एक. "मुलांनी शीलाबद्दल विचारल्यास टाळू नये. कुणी विचारले नाही तरी आपण होऊन सांगणे. शील मनातल्या हेतूचे आहे. पाणी उकळणारी आई जीव घेत नाही, जीव राखते."

केवढं चांगलं वाक्य आहे! सातही वह्यांत आहे. दर वर्षी नव्यानं लिहिलंय. तुम्ही सात वर्षं हे पन्नास पन्नास पोरांना सांगितलंत. मग घरी आईला एकदा का नाही सांगितलं? ती तिथंच तर होती. चुलीसमोर, पाठमोरी, दुसऱ्यांदा पाणी चढवत.

तुम्हाला मला वाचवायचं होतं, हे मला समजतं. अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे ठेवायचं नव्हतं. तुमच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं. पण ते ओझं हवेत तर नाही गेलं बाबा. तुम्ही ते माझ्यावरून उचललंत आणि आईवर राहू दिलंत. त्या दिवशी तिनं तुमच्याकडे पाहिलं होतं. तुम्हाला तेव्हा ठाऊक नसेल, मान्य आहे. पण वही पुन्हा वाचल्यावर? आत्यासमोर नाही, चारचौघांत नाही, घरात एकदा तिला सांगायचं होतं की तुझा हात चुकला नाही. मला तुमचा राग आला आहे. तुम्ही गेल्यावर राग येणं किती वाईट! भांडायला माणूस नाही.

आणि हा राग मी तुमच्यावर कोणत्या तोंडानं काढू? मी तर तुमच्याही आधीपासून गप्प आहे. तुम्हाला ती वही नीट वाचेपर्यंत तरी माहीत नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मोठी झाले, डी.एड.ला गेले, नोकरीला लागले, पहिल्या पगाराचं लुगडं तिला नेसवलं आणि तिच्या पाया पडले, पण हे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. तुमच्यापासून शिकले म्हणायचं का? तुमचं अक्षर उचललं, तसं हेही उचललं?

तुम्ही म्हणाला होता की चूक शिकवणाऱ्याची असते. पाणी न उकळण्याची चूक तुमची, चला, मी ती तुम्हाला देते. तुम्हाला ती हवी होती म्हणून देते. पण गप्प राहण्याची माझी आहे. ती मी तुम्हाला देणार नाही.

सोमवारी मी तुमच्याच टाचणावरून धडा घेईन. आधी दही. घरचा अभ्यास देईन, आणि वह्या आल्या की पहिल्यांदा लाल पेन हातात न घेता वाचेन. एकेक वही, शेवटच्या ओळीपर्यंत. वेलांट्या मागून पाहू. काही पोरं 'जीवंत' लिहितील, लिहू देत.

पण हे वचन सोपं आहे. खरं वचन आजचं आहे.

आता ऊन उतरलं. थोड्या वेळानं आई येईल. पाय धुईल, चूल पेटवेल, पाणी उकळेल, उतरवेल, निवलं की बोट घालून पाहील आणि परत चढवायला गंज उचलेल. तेव्हा मी तिचा हात धरणार आहे. ही वही तिच्यासमोर ठेवीन. तिला अक्षरं लावत वाचायला वेळ लागतो, म्हणून मी वाचून दाखवीन, माझं आणि तुमचंही, लाल आणि निळं दोन्ही. ती काय म्हणेल मला माहीत नाही. मला मारेल, बोलणार नाही, तुमच्या फोटोकडे पाठ फिरवून बसेल. जे करेल ते करू दे. उद्या सकाळी मी आत्याकडे जाईन आणि तिलाही सांगेन, तिच्या दारात, बाया असल्या तर बायांच्या देखत.

पण आज आईला ते पाणी मी दुसऱ्यांदा चढवू देणार नाही.

तुमची,
रत्ना